अक्काची झोप

आमच्या घरात झोपेची वाटणी झाली होती, आणि ती कुणी केली हे कुणालाच सांगता आलं नसतं. माझ्या वाट्याला नऊ तास आले, अक्काच्या वाट्याला चार. ती माझ्याहून दीड वर्षाने मोठी. ती मुलगी होती आणि मोठी होती, एवढं कारण पुरेसं होतं. मी मुलगा होतो, शाळेत बऱ्यापैकी मार्क आणत होतो, आणि शिकणाऱ्या पोराची झोपमोड करायची नाही असा आईचा दंडक होता. हे मी आज कडवटपणे लिहितोय. त्या वेळी मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या जळगावची. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. वडील कापसाच्या गोदामावर रात्रीचे राखणदार होते. त्या पगारात भागेना म्हणून आईने डबे सुरू केले. वरणगावच्या फॅक्टरीत पहिल्या पाळीला जाणारी काही माणसं आमच्या भागात राहायची. त्यांना पहाटेची गाडी पकडायची असे आणि त्याआधी त्यांच्या हातात गरम डबा पडायला हवा असे. चौदा डबे होते, म्हणजे चाळीसेक भाकरी, तव्यावरची भाजी आणि ठेचा. त्यासाठी आई पावणेतीनला उठायची आणि तीन वाजता अक्काला उठवायची.

रात्रीही सुटका नव्हती. रेल्वेतले चौघे जण घरीच जेवायला यायचे. शेवटचा उठून हात धुवेपर्यंत साडेदहा व्हायचे. मग राखेने भांडी घासून अक्का आडवी व्हायची तेव्हा अकराचे टोले पडलेले असत. मी त्याच्या कितीतरी आधी कोपऱ्यातल्या गोधडीवर घोरत असे. दुपारी निजावं म्हटलं तर घर एकाच खोलीचं, आणि त्या खोलीत रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले. अक्का शाळेतून आली की ओट्यावर बसून भाजी निवडायची. निवडता निवडता तिचं डोकं पुढे जायचं आणि मेथीची जुडी मांडीवरून खाली सांडायची.

अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत आम्ही दोघंही काडीसारखे होतो. डबे सुरू झाले आणि वर्ष-दोन वर्षांत अक्का अंगाने भरत गेली. आधी गाल, मग दंड, मग सगळंच. मी होतो तसाच राहिलो. एकाच परातीतलं पीठ, एकाच कढईतली भाजी, आणि पोरं अशी दोन तऱ्हेची. शेजारच्या बाया आईला हसून विचारायच्या, "पोऱ्याचं बठ्ठं पोरीलेच खाऊ घालस का वं?" पोराच्या वाटचं सगळं पोरीलाच घालतेस का, हे आईला लागायचं. त्या चिडीचा धनी कोण, हे वेगळं सांगायला नको.

खायची ती, हे खरं आहे. त्याचंही एक कारण आमच्या कामातच होतं. डब्यात फुगलेलीच भाकरी जायची. न फुगलेली, चिरलेली किंवा कडेला जळलेली भाकरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा आईचा धंद्यातला नियम. तसली भाकरी बाजूला पडायची आणि जिने थापली तिने ती खायची. टाकायची सोय नव्हती. थापायला अक्का बसायची. झोपेत हात चालायचा, पण कधी पाणी जास्त पडे, कधी कड जाड राही. भाकरी तव्यावर नुसती पडून राहायची. मग पहाटे चार वाजता अक्का तिच्यावर तेल आणि तिखट घालून ती खायची. एक, कधी दोन, कधी तीन. "माले त्या येळले लई भूक लागस," असं ती सांगायची. दिवसभरात तिला इतकी भूक कधीच लागायची नाही म्हणे. आम्हाला ते सोंग वाटायचं. "भाकर फुगत नाही म्हणून पोरगी फुगते," असा विनोद मी केला होता. तो घरात बरेच दिवस चालला, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आईचं निदान मात्र वेगळं होतं. तिच्या मते अंग सुटतं ते झोपेने. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं मत होतं. जाड माणूस दिसलं की तो झोपाळू, हे ठरलेलंच. आणि अक्का तर सारखी पेंगताना दिसायची. वर्गात पेंगायची, ओट्यावर पेंगायची, देवळात पोथी चालू असताना भिंतीला टेकून पेंगायची. पुरावा डोळ्यांसमोर होता. चार तास झोपणारी मुलगी दिवसभर पेंगणार नाही तर काय करेल, हा प्रश्न त्या घरात एकालाही पडला नाही. आईच्या हिशेबी ती झोपेची हावरी होती आणि औषध एकच होतं, तिला झोपू न देणं.

म्हणून रविवारी फॅक्टरीला सुट्टी असायची, डबे नसायचे, तरी अक्काला तीनला उठवलं जायचं. काम नसताना. आई तिला अंगण झाडायला लावायची, विहिरीवर पाठवायची, आणि तेही संपलं की नुसती उभी करायची. "जितली निजशी तितली फुगशी," असं आई म्हणायची. दुष्टपणाने नव्हे. उद्या हिला कोण पत्करणार ही काळजी तिला खरोखर खात होती. माझ्या आईने अक्काचं जे केलं ते मायेपोटी केलं, आणि म्हणूनच त्याला कुठे दाद मागता येत नाही.

अक्काच्या आयुष्यात तिची अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कबड्डी. शाळेच्या मैदानावर तिच्या अंगाला कुणी हसत नव्हतं. कोपऱ्यात उभी राहून ती चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरायची, आणि एकदा धरला की सुटायचा नाही. खेळाच्या बाई नव्या होत्या, उत्साही होत्या. नववीत त्यांनी अक्काला संघात घेतलं. तालुक्याला संघ जिंकला, जिल्ह्याला जिंकला. पुढचे सामने धुळ्याला होते. बाईंनी घरी येऊन आईला सांगितलं की तिथे मुलगी चमकली तर पुढे कॉलेजात खेळाच्या जोरावर वसतिगृहात जागा मिळेल, फी माफ होईल. आई चहा गाळत ऐकत होती. अक्का दाराआड उभी होती. वसतिगृह हा शब्द ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तिला शिक्षणाचं फार नव्हतं. वसतिगृहात पहाटे तीनला भाकरी थापाव्या लागत नाहीत, एवढंच तिला कळलं होतं.

अडचण वजनाची होती. मुलींच्या त्या गटाला पन्नास किलोची मर्यादा होती. जिल्ह्यापर्यंत कुणी काटेकोर पाहिलं नव्हतं, पण धुळ्याला काट्यावर उभं करणार हे नक्की होतं. अक्का बावन्नला होती.

मधे दिवाळी आली. डब्याची माणसं गावाला गेली आणि आम्हा दोघांना आईने पारोळ्याला मामाकडे धाडलं. तिथे अक्का झोपली. दुसरा शब्द नाही. पहिल्या दिवशी ती दुपारी जेवायला उठली, जेवली आणि पुन्हा झोपली. मामी म्हणाली, "पोर आजारी शे का?" तीन-चार दिवसांनी ती सकाळी सात-आठला आपोआप उठायला लागली. ती हसायला लागली, माझ्याशी पाचखडे खेळायला लागली. ती फराळ करत होती, जेवत होती, पण मधेच उठून डबे हुंगत नव्हती. मामा बाजारात हमाल होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याने गंमत म्हणून आम्हा दोघांना पोत्यांच्या काट्यावर बसवलं. अक्का पन्नासाच्या जरा वर भरली. दिवाळीचे लाडू खाऊन दीड किलो कमी. काट्यात फरक असेल, मामाचा हात हलका असेल, मी काही शपथेवर सांगत नाही. पण तिचा पंजाबी ड्रेस कमरेत सैल झाला होता, तो मी पाहिला होता.

जळगावला परत आल्यावर पुन्हा तीन वाजता हाक. तीन आठवड्यांत वजन त्रेपन्नाच्या घरात. बाई हबकल्या. त्यांनी रात्रीचं जेवण बंद करायला सांगितलं, उन्हात स्वेटर घालून पळायला लावलं. आईने त्यावर कडी केली आणि पहाटेच्या कामाआधी अर्धा तास दोरीवरच्या उड्या लावल्या. म्हणजे अडीच वाजता. अक्का उड्या मारायची आणि मग तव्यापाशी बसून, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, न फुगलेली भाकरी तोंडात कोंबायची. पकडली गेली की मार खायची.

धुळ्याला जायला नऊ दिवस उरले तेव्हा ती एका रात्री भांडी तशीच टाकून आईसमोर येऊन बसली. चौघे जेवणारे नुकतेच गेले होते. मी अंथरुणावर पडलो होतो, जागा होतो.

"माय, आठ दिन माले निजू दे," ती म्हणाली. "मी बारीक व्हई जासू."

आई हसली. "निजीसन कोनी बारीक व्हस का वं?"

"मामाकडे व्हयनू का नही? लाडू खाईसन व्हयनू. झोप व्हयनी का भूक कमी लागस."

आई हसत हसत माझ्याकडे वळली आणि मीही हसलो. खो खो हसलो. वर्गात विज्ञानाला पहिला येणारा मी, मला त्या घरात खरं तर तेव्हा एक प्रश्न विचारता आला असता. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने मला रस्त्यात थांबवलं. "भाऊ, आठच दिन. माझ्या जागी तू ऊठ. मायले सांग का तुले भाकर शिकनी शे." तिने विनवणी केली नाही, हात जोडले नाहीत. सरळ विचारलं. मला वाटतं माझ्याकडून काही मागण्याची तिची ती पहिली वेळ होती. मी हो म्हणालो. तिच्यावर उपकार करतोय अशा ऐटीत म्हणालो.

आई कुरकुरली, पण पोराला हौस आली तर दोन दिवस पुरवू म्हणून कबूल झाली. पहिल्या दिवशी मी उठलो. थापायला जमेना, म्हणून मी चूल सांभाळली, डबे भरले. पाच वाजेपर्यंत डोळ्यांत वाळू टोचत होती. आणि भूक लागली. मला अशी भूक आयुष्यात लागली नव्हती. पोटात नव्हे, सगळ्या अंगात. आईच्या हातच्या बिघडलेल्या दोन भाकरी मी तेल ओतून खाल्ल्या आणि शाळेत मधल्या सुट्टीत मित्राच्या डब्यातली साखरपोळी हिसकावून खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. गणिताच्या तासाला मी पेंगलो आणि गुरुजींनी डस्टर मारून जागं केलं. अक्का त्या दोन दिवसांत सकाळी सहाला उठली होती. तिचा चेहरा उतरला होता म्हणण्यापेक्षा चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

म्हणजे मला कळलं होतं. ही गोष्ट मी लिहितोय ती एवढ्यासाठीच. आईला कळलं नव्हतं, बाईंना कळलं नव्हतं, पण अक्का खरं बोलतेय हे मला दोन पहाटांत अंगाने कळलं होतं. तिसऱ्या दिवशी आईने हाक मारली तेव्हा मी जागा होतो. गोधडी उबदार होती. मी म्हणालो, "माझं डोकं दुखस."

आईने माझ्या कपाळाला हात लावला, गोधडी नीट केली आणि अक्काला हलवलं. "ऊठ वं. पोऱ्याच्या अभ्यासाचं नुकसान करशी." अक्का उठून बसली. माझ्याकडे तिने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. मी डोळे मिटून घेतले होते. चौथ्या दिवशी आईने मला हाक मारलीच नाही, आणि मीही विषय काढला नाही.

धुळ्याला आईने मला तिच्याबरोबर धाडलं. मुलीला एकटी पाठवायची नाही, मग राखण म्हणून धाकटा भाऊ. एस.टी.त सगळ्या मुली गाणी म्हणत होत्या. अक्काने आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

वजन एका शाळेच्या व्हरांड्यात घेत होते. ती काट्यावर चढली आणि काटा पन्नासाच्या पुढे अर्धा किलो जाऊन थांबला. तासाभराने पुन्हा घ्यायची परवानगी होती. बाईंनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, थुंकायला लावलं. मी कडेला उभा राहून मोजत होतो. पुन्हा काटा, अजूनही पाव किलो जास्त. बाई रडकुंडीला आल्या होत्या. अक्काने आपली वेणी पुढे घेतली. कमरेपर्यंतची वेणी होती, आईने तेल घालून वाढवलेली. "बाई, ही कापा," ती म्हणाली. बाईंनी दोनदा विचारलं आणि मग प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री घेतली. कात्री बोथट होती, वेळ लागला.

वेणी माझ्या हातात देऊन ती तिसऱ्यांदा चढली. काटा खाली आला, पण पन्नासावर आला नाही. एवढासा वर राहिला. काट्यापाशी बसलेल्या माणसाने मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे रांग होती.

अक्का रडली नाही. व्हरांड्याच्या टोकाला दप्तरांचा ढीग होता, तिथे जाऊन ती आडवी झाली आणि मिनिटभरात झोपली. सामना समोरच चालू होता. शिट्ट्या, टाळ्या, मुलींचा दम टिकवत चाललेला घोष, कशाने ती हलली नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती झोपली. मी शेजारी बसून होतो, कुणी तिला उठवू नये म्हणून. राखणीचं माझं तेवढंच काम झालं. आमचा संघ हरला.

घरी आल्यावर वेणीसाठी तिने मार खाल्ला. रात्री चौघे जेवून गेले, तिने भांडी घासली आणि तीन वाजता आईने हाक मारली. ती पहिल्या हाकेला उठली. त्यानंतर कधी तिला दुसरी हाक मारावी लागली नाही. कबड्डीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. दहावीला भूगोलाच्या पेपरात ती झोपली आणि नापास झाली, आणि मग शाळा संपली. नव्वदीच्या सुरुवातीला नरडाण्याच्या एका घरात तिचं लग्न झालं. घर मोठं, खटल्याचं होतं, तिथेही पहाटे उठणारी बाई हवीच होती. मी कॉलेजात गेलो, वसतिगृहात राहिलो, नोकरीला लागलो.

बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीचं वजन वाढायला लागलं म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खाणंपिणं विचारलं आणि मग झोप किती, ते विचारलं. शिकवणी, अभ्यास, टीव्ही यांतून ती सहा तासही होत नव्हती. ते म्हणाले, वाढत्या वयात झोप तुटली की भूक चाळवते, आणि ती तेलकट-गोडच मागते. कमी झोपणारी मुलं जाड होताना दिसतात. सगळं वजन झोपेच्याच माथी मारता येणार नाही, पण आधी हिला पोटभर झोपू द्या. त्यांनी हे सहज सांगितलं.

पुढच्या रविवारी मी नरडाण्याला गेलो. अक्काला साखरेचा आजार जडला होता, पाय सुजलेले होते. आता तिला रात्री झोप लागत नाही, गोळी घेऊनही नाही. तीन वाजले की डोळे उघडतात. मी तिच्यासमोर बसून डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, सावकाश, काहीतरी मोठं आणून दिल्यासारखं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि सूप झटकलं.

"मी तुले तव्हयच सांगेल व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. मी माफी मागायची ठरवून गेलो होतो, ती मागितली नाही, कारण ती मागून तिला काय मिळणार होतं हे मला सांगता येईना. ती चहा ठेवायला उठली. जेवून जा म्हणाली, मी जेवलो. संध्याकाळच्या पॅसेंजरला खिडकीपाशी जागा मिळाली. वाटलं होतं, आज काही आपल्याला झोप यायची नाही. पण अमळनेर कधी मागे गेलं ते कळलं नाही. जळगावला शेजाऱ्याने खांदा हलवला तेव्हा मी गाढ झोपेत होतो.